फिल्डवर गेलेल्या जवानाशी घरातून संपर्क कसा राखावा

साताऱ्याकडच्या एखाद्या फौजी गावात जवानाच्या पत्नीला संपर्काची वेगळी व्यवस्था लावावी लागत नाही. शेजारच्या घरात एखादे माजी सुभेदार असतात, पलीकडच्या आळीत त्याच पलटणीतील दुसऱ्या जवानाचे आईवडील राहतात आणि एका घरी फोन आला की ‘आमचे बोलणे झाले, सगळे खुशाल आहेत’ हा निरोप संध्याकाळपर्यंत गावभर होतो. नवी मुंबईत कामोठ्यात, घणसोलीत किंवा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलात मात्र मजल्यावरच्या इतर घरांना तिचे पती सैन्यात आहेत एवढेच ठाऊक असते आणि कधीकधी तेवढेही नसते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जसा तणाव होता, तसा तणाव वाढला की वृत्तवाहिन्या, सोसायटीचा ग्रुप आणि बंद लागणारा फोन या तिघांच्या तावडीत ती एकटी सापडते. युद्धकाळात रोज बोलणे होईल अशी सोय कोणालाच करता येत नाही, पण फोन लागणार नाही त्या दिवसांचा अर्थ काय धरायचा हे दोघांना आधी ठरवता येते. पुढील बहुतेक सूचना त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

सुट्टी संपण्यापूर्वी उरकायची कामे

पहिले काम कागदाचे आहे आणि तेच सर्वांत जास्त घरांत राहून जाते. जवानाच्या किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे सैन्याकडील कुटुंबीयांच्या नोंदीत, पत्नीचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक काय नोंदला आहे, हे त्यांना युनिटच्या क्लार्ककडून पाहून यायला सांगावे. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीत ती माहिती चढवणारा आदेश) झाली आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. गंभीर प्रसंगी सैन्याकडून येणारा निरोप या नोंदीवरूनच येतो. आपल्याकडे अडचण अशी असते की भरतीच्या वेळी गावचा पत्ता दिलेला असतो, पत्नी राहते नवी मुंबईत, आणि येथील भाड्याचे घर अकरा महिन्यांच्या कराराने दर वर्षी बदलण्याची शक्यता असते. त्यामुळे गावचा आणि येथील असे दोन्ही पत्ते, शिवाय घरातील दोन वेगवेगळ्या माणसांचे फोन क्रमांक नोंदवलेले असावेत. घर बदलले की नव्या वीजबिलाइतक्याच तातडीने ही नोंदही बदलून घ्यावी.

दुसरे काम एका वहीचे. तिच्या पहिल्या पानावर त्यांचा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, कंपनी, युनिट, एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि सहा अंकी पिन लिहून घ्यावा. त्याखाली युनिटच्या मागे राहणाऱ्या रिअर पार्टीतील जबाबदार व्यक्तीचा क्रमांक, कंपनीतील दोन सहकाऱ्यांच्या घरचे क्रमांक आणि त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसचा (जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचा) पत्ता असावा. मराठा लाईट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. ही माहिती मोबाईलमध्ये ठेवून भागत नाही. मोबाईल चोरीला गेला, पाण्यात पडला किंवा घरातील वडीलधाऱ्यांना तो उघडता आला नाही, तर ऐन वेळी हाताशी वहीच असते. मोबाईलमध्ये ‘मेजर साहेब’, ‘सीएचएम साहेब’ (कंपनी हवालदार मेजर) अशा नावांनी क्रमांक साठवण्याचेही टाळावे. ते का, हे पुढे येईल.

तिसरे काम सिमकार्डाचे. महाराष्ट्रात घेतलेले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. ही गोष्ट जुन्या जवानांना पाठ असते, परंतु पहिल्यांदाच तिकडे निघालेला तरुण जम्मूला उतरतो, फोन एकदम मुका होतो आणि घरी मात्र काहीतरी विपरीत घडल्याची शंका सुरू होते. जाण्यापूर्वी आठवडाभर आधीच जोडणी पोस्टपेड करून घ्यावी आणि बिल भरण्याची जबाबदारी घरच्या माणसाने घ्यावी. बिल थकल्यामुळे बंद झालेला फोन दुरून पाहता धोक्यामुळे बंद झालेल्या फोनसारखाच दिसतो.

चौथे काम बोलण्याचे आहे, आणि ते सर्वांत अवघड. पलटण हलते तेव्हा अनेकदा सर्वांचे फोन जमा करून घेतले जातात. केव्हा हलणार आणि कुठे जाणार हे त्यांना सांगता येत नाही, आणि पत्नीने ते विचारूही नये. विचारायचे ते एवढेच: ‘अहो, तुमचा फोन बंद लागला तर मी किती दिवस नेहमीचे समजू?’ ते त्यांच्या अनुभवानुसार दहा दिवस म्हणतील, पंधरा म्हणतील. तो आकडा वहीत लिहावा आणि सासूबाईंना व गावाकडे दिरांनाही सांगून ठेवावा. त्या मुदतीत कोणी कोणाला घाबरून फोन करायचा नाही, आणि मुदत उलटल्यावर चौकशी कोणी, कोणाकडे करायची हेही तेव्हाच ठरवावे.

काही जोडपी या वेळी सांकेतिक शब्द ठरवतात. ‘मामाकडे चाललो’ म्हणजे अमुक सेक्टर, ‘लग्नाला चाललो’ म्हणजे तमुक. हे कटाक्षाने टाळावे. ठिकाण किंवा हालचाल सांकेतिक भाषेत सांगणे हेसुद्धा ती सांगणेच आहे. त्याने शिस्तभंगाची कारवाई तर ओढवतेच, पण त्याहून वाईट म्हणजे पलटणीतील इतरांचा जीव धोक्यात येऊ शकतो.

पत्ता आणि डाक

आघाडीवरील पत्रव्यवहार सैन्य डाक सेवेमार्फत होतो. देशातील पिन कोडच्या नऊ विभागांपैकी नववा विभाग केवळ तिच्यासाठी राखलेला आहे, म्हणून जवानाच्या पत्त्यातील पिन ९ या अंकाने सुरू होतो. (ही पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. सैन्य डाक सेवेचे प्रशिक्षण केंद्रही आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कामठीला आहे.) पश्चिम व उत्तरेकडील पलटणींची डाक ५६ एपीओच्या नावाने दिल्लीतील मध्यवर्ती डाकघरातून जाते, तर पूर्वेकडील ९९ एपीओच्या नावाने कोलकात्यातून. पाकिटावर पुढील क्रमाने पाच ओळी लिहाव्यात:

आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव
कंपनीचे नाव
युनिटचे नाव
मार्फत ५६ एपीओ (किंवा ९९ एपीओ)
पिन: ९ ने सुरू होणारे सहा अंक

यात गाव, जिल्हा, राज्य किंवा सेक्टर यांपैकी काहीही लिहू नये. ‘लवकर पोहोचावे’ म्हणून कंसात ‘लेह’ किंवा ‘तवांग’ लिहिणारी भाबडी मंडळी असतात. त्याने पत्र लवकर पोहोचत नाही, फक्त पलटणीचा ठावठिकाणा पाकिटावर जाहीर होतो. तिकडून येणाऱ्या पत्रावरच्या शिक्क्यातही फिल्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक असतो. तो क्रमांक इंटरनेटवर शोधत बसू नये. पत्ता मराठीत लिहिल्यास खाली हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा लिहावा, कारण डाक वर्गवारी करणारा माणूस कुठल्याही प्रांताचा असू शकतो.

खासगी कुरियरला या पत्त्यांवर प्रवेश नसतो, त्यामुळे जे काही पाठवायचे ते भारतीय टपालानेच. स्पीड पोस्ट केल्यास ऑनलाइन माग दिसतो, पण सैन्य डाकघराच्या टप्प्यानंतरची नोंद बहुधा दिसत नाही. तिथे माग थांबला म्हणजे वस्तू हरवली असे समजू नये. पार्सलमध्ये बेसनाचे लाडू, चिक्की, कोरडी चटणी असे टिकणारे पदार्थ घट्ट डब्यात घालून पाठवावेत. पॉवर बँक, लायटर, अत्तर किंवा सेंट विमानाच्या डाकेत चालत नाही. पार्सलविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही, कारण संपर्काचा कणा पत्र आहे.

पत्र लिहिण्याची रीत

व्हिडिओ कॉलच्या काळात पत्राचा आग्रह जुनाट वाटेल. पण फोन जमा झाल्यावर, बर्फात टॉवर बंद पडल्यावर किंवा रात्री ड्युटीवरून परत आल्यावर पुन्हा पुन्हा हातात घेता येते ते पत्रच. शिवाय ते चार्ज करावे लागत नाही.

प्रत्येक पत्राला क्रमांक द्यावा. वरच्या कोपऱ्यात पत्र क्रमांक आणि तारीख, आणि पहिल्याच ओळीत त्यांचे शेवटचे कोणते पत्र मिळाले ते. झोजिला खिंड हिमवर्षावाने बंद झाली की डाक साठून राहते, मग एकदम चार पत्रे पोहोचतात आणि तीही उलटसुलट क्रमाने. क्रमांक नसेल तर ‘आईंना आता बरे आहे’ हे पत्र आधी आणि ‘आईंना ताप आला आहे’ हे पत्र नंतर वाचले जाते, आणि माणूस तिथे नसत्या काळजीत दिवस काढतो. क्रमांक असेल तर कोणते पत्र वाटेत आहे हे दोन्हीकडे कळते. पाठवण्यापूर्वी मोबाईलने पत्राचा फोटो काढून ठेवला की आपण मागे काय लिहिले होते, तेही पाहता येते.

पत्र कसे असावे, त्याचा एक नमुना:

‘पत्र क्र. १४. तुमचे क्र. ९ मिळाले, क्र. ८ अजून आलेले नाही. आईंचा गुडघा बरा आहे, रात्रीची एकच गोळी चालू आहे. छोटूचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायचा म्हणून त्याने तो खडूच्या डबीत ठेवला आहे आणि रोज शाळेतून आल्यावर उघडून बघतो. भाडे ५ तारखेला दिले. मालक पुढचा करार वाढवून मागत आहेत, तेवढ्याच भाड्यात दोन इमारती सोडून एक घर आहे, पण तिथे लिफ्ट नाही. आईंचा विचार करता मला याच घरात राहावेसे वाटते. तुमचे मत कळवा. २५ तारखेपर्यंत पत्र आले नाही तर मी याच घराचा करार करीन.’

या नमुन्यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. दात कुठे ठेवला, तो कधी उघडून पाहिला जातो, हे लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला घर दिसते. ‘छोटू मजेत आहे’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. आणि प्रश्न विचारताना उत्तर न आल्यास काय करणार हेही लिहिले आहे, त्यामुळे डाक उशिरा पोहोचली तरी घरचे काम अडत नाही आणि त्यांनाही आपण उत्तर देऊ शकलो नाही याचा सल राहत नाही.

दर आठवड्याचा एक वार ठरवून त्या दिवशी पत्र टाकावे. एका भावनेच्या भरात तीन पत्रे आणि मग महिनाभर काहीच नाही, यापेक्षा दर रविवारचे एक पान बरे. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळते, पण त्यात वेगळा कागद घालण्यास मनाई आहे. मुलाचे चित्र किंवा फोटो घालायचा असेल तर पाकीट वापरावे, वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट लागते. ठाण्याच्या पावसाळ्यात शाईचे किंवा जेल पेन वापरू नये, बॉलपेन वापरावे. दमट पाकिटात शाई फुटते आणि पोहोचेपर्यंत अक्षर वाहून जाते.

सासूबाईंचे पत्र वेगळे असावे. त्यांना लिहिता येत नसेल तर त्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, मध्ये दुरुस्ती करू नये. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात ‘आईंनी आशीर्वाद सांगितले आहेत’ अशी एक ओळ घालून काम भागवण्याची रीत सर्रास आहे, पण आईचा आवाज त्यातून पोहोचत नाही.

युद्धकाळात पत्रे उघडून तपासली जाऊ शकतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी सैनिकांच्या पत्रांसाठी स्वतंत्र सेन्सॉर नेमलेला होता, तेव्हापासून हे चालत आले आहे. त्याचा संकोच वाटून प्रेमाचे शब्द गाळण्याचे कारण नाही, तपासणाऱ्याचे लक्ष ठिकाणे आणि हालचालींवर असते.

फोनवरची तीन मिनिटे

आता अनेक उंच ठिकाणी नेटवर्क आले आहे, सियाचीनवरही जानेवारी २०२५ मध्ये ५जी सेवा पोहोचली. तरीही पुष्कळ चौक्यांवर अजून उपग्रह फोनचाच आधार असतो. जवानांसाठी त्याचा दर २०१७ साली मिनिटाला एक रुपया करण्यात आला. पैशाची अडचण त्यामुळे फारशी उरली नाही, पण मागे रांगेत उभ्या असलेल्या सहकाऱ्यांमुळे वेळ थोडाच मिळतो.

या फोनची एक खोड समजून घ्यावी. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी तेवढाच. म्हणजे आपण बोलून थांबल्यावर किमान अर्धा सेकंद तिकडून काहीच ऐकू येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो, तेवढ्यात त्यांचे उत्तर येऊन आपल्या हॅलोवर आदळते, मग दोघेही थांबतात, मग दोघेही एकदम बोलतात, आणि एक मिनिट संपते. उपाय साधा आहे: एक पूर्ण वाक्य बोलावे, थांबावे आणि मनात ‘एक-दोन’ म्हणून वाट पाहावी. दोन-तीन फोनमध्ये सवय होते.

फ्रीजवर एक कागद लावून त्यावर बोलायचे मुद्दे सुचतील तसे लिहीत जावे. फोन आल्यावर आधी त्यांना बोलू द्यावे, मग ज्यावर त्यांचा निर्णय हवाच आहे तेवढा एकच विषय काढावा, आणि नंतर फोन सासूबाईंकडे किंवा मुलांकडे द्यावा. बाकीचे पत्रात लिहावे. हा फोन अनोळखी क्रमांकावरून येतो, म्हणून मोबाईलमधील अनोळखी फोन आपोआप बंद करण्याची सोय काढून टाकावी. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत फोन आला तर पुढच्या स्थानकावर, मग ते ऐरोली असो की रबाळे, सरळ उतरून जावे. कार्यालयातही वरिष्ठांना आधी कल्पना दिलेली असावी. कारण सांगितल्यावर बहुतेक लोक समजून घेतात.

इंटरनेट असेल तेव्हा व्हिडिओपेक्षा आवाजी निरोप उपयोगी पडतात, ते कमी नेटवर्कवरही उतरतात. मात्र व्हॉट्सॲपवरील न पोहोचलेला निरोप सर्व्हरवर तीस दिवसच राहतो, त्यानंतर तो नाहीसा होतो. एकच टिक दिसते म्हणजे त्यांचा फोन बंद आहे किंवा रेंजमध्ये नाही, याहून अधिक अर्थ तिच्यातून काढू नये. दोघांनीही ‘लास्ट सीन’ दिसणे बंद करून ठेवावे. रात्री तीन वाजता ती वेळ पाहत बसल्याने कोणाचेही भले झालेले नाही.

घरच्या अडचणी कितपत सांगाव्यात

‘त्यांना कशाला काळजी’ म्हणून सगळेच दडवणारी घरे माझ्या पाहण्यात जास्त आहेत, आणि ती रीत मला पटत नाही. सुट्टीवर आल्यावर जवानाला शेजाऱ्यांकडून कळते की वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन गेली, आणि मग पुढच्या वेळी घरून आलेल्या ‘सगळे ठीक’ या शब्दांवर त्याचा विश्वास राहत नाही. नियम असा ठेवावा की अडचण सांगावी, पण तिच्यावर काय केले त्यासह सांगावी. ‘बाबांच्या छातीत दुखले’ एवढेच सांगून फोन कापला गेला तर तो माणूस तिकडे काय करणार? ‘बाबांच्या छातीत दुखले होते, दाखवून आणले, ईसीजी नीट आहे, गोळ्या सुरू केल्या’ हे एकाच दमात सांगता येत असेल तेव्हाच सांगावे. सासू-सुनेचे, जावा-जावांचे वाद मात्र फोनवर अजिबात नकोत. ते पत्रातही लिहू नयेत.

बाहेरच्या माणसांपुढे काय बोलावे

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, शाळेच्या फाटकाशी हमखास विचारले जाते, ‘सध्या कुठे असतात हो?’ विचारणारा बहुधा आपुलकीनेच विचारतो. ‘ड्युटीवर आहेत, खुशाल आहेत’ एवढेच उत्तर हसून द्यावे आणि विषय बदलावा. गणवेशातील फोटो, चौकीवरची छायाचित्रे, रेल्वेची तिकिटे स्टेटसला ठेवू नयेत. भारतीय सैन्याने २०२० साली आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितले होते. त्यांनी काढलेले ॲप घरच्यांनी त्यांच्या फोटोंसाठी वापरले, तर त्या आदेशाला अर्थ उरत नाही.

‘हेडक्वार्टरमधून बोलतोय, साहेबांचा दुसरा नंबर द्या’, ‘तुमच्या मिस्टरांची बिले अडकली आहेत, ओटीपी सांगा’ असे फोन तणावाच्या काळात येऊ शकतात. शत्रूचे हेर आणि साधे भामटे दोघेही हीच युक्ती वापरतात. सैन्याला आपल्याच जवानाचा क्रमांक त्याच्या पत्नीला विचारावा लागत नाही. मोबाईलमध्ये ‘मेजर साहेब’ हे नाव नको, ते यासाठीच, कारण फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर युनिटमधील माणसांची यादीच त्याला मिळते. अशा वेळी काही न बोलता फोन ठेवावा आणि रिअर पार्टीला कळवावे. पैसे गेले असल्यास सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

निरोप येत नाही तेव्हा, आणि निरोप पाठवायचा असतो तेव्हा

ठरलेली मुदत उलटली की आधी सहकाऱ्यांच्या घरी फोन करावा. त्यांच्याकडेही निरोप नसेल तर पलटणच हललेली असण्याचा संभव अधिक. मग रिअर पार्टी आणि शेवटी रेकॉर्ड ऑफिस. जखमी किंवा हुतात्मा झाल्याची अधिकृत माहिती युनिट किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून थेट जवळच्या नातलगांना दिली जाते. फॉरवर्ड झालेली यादी किंवा वाहिनीच्या खालच्या पट्टीतील नाव हा त्याचा पुरावा नव्हे. तणावाच्या दिवसांत घरातील दूरदर्शन संच दिवसातून एकदाच, बातमीपत्रापुरता लावावा. झोप उडाली, जेवण जाईना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते, ही सेवा विनाशुल्क आहे.

घरातून तातडीचा निरोप पाठवायचा असेल तर पूर्वी तार करत. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता रिअर पार्टीला किंवा युनिटला फोन करून आर्मी नंबर, रँक, नाव, घडलेली घटना आणि रुग्णालयाचे नाव एवढे स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. सुट्टी मंजूर करण्यापूर्वी घटनेची खातरजमा मागितली जाऊ शकते, तेथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते. येथे नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावे: ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात येतात. त्यामुळे नेरूळच्या कुटुंबाचे कार्यालय ठाण्याला आणि कामोठ्याच्या कुटुंबाचे अलिबागला. हे आधीच माहीत असले तर ऐन घाईत चुकीच्या शहरात खेटा पडत नाही.

सुट्टी मंजूर झाल्याचे कळले की नवे पार्सल पाठवू नये, कारण पार्सल पोहोचेपर्यंत जवान घरी आलेले असतात. वाटेतील पत्रे मात्र त्यांच्या माघारी युनिटमध्ये जमा होतात आणि परत गेल्यावर त्यांना मिळतात, म्हणून शेवटच्या दोन पत्रांत उत्तर हवे असलेला कोणताही प्रश्न ठेवू नये. गाडी कोणती आणि कल्याणला किती वाजता, हे घरातील दोन माणसांना कळले तरी पुरे. स्टेटस ठेवायचेच असेल, तर ते घरी पोहोचल्यावर, त्यांना विचारून ठेवावे.